कापसाला लागणारी जागा

पाय उचलला गेला, आणि पायरी नव्हती. भिलाईतल्या पावर हाउस स्टेशनाकडून येणाऱ्या ऑटोंच्या गर्दीतून वाट काढत अन्नपूर्णा बाजारातल्या त्या गल्लीच्या तोंडाशी पोचली, तेव्हा तिचे मन दुसरीकडेच होते. पण तिच्या उजव्या पायाने, कुणालाही न विचारता, अर्ध्या आयुष्याच्या सवयीने स्वतःला दोन बोटे उंच उचलून घेतले होते, कारण तिथे एक झिजलेला दगडी उंबरा असायचा. आता तिथे फरशी होती. सपाट, दुधाळ, बघणाऱ्याला त्याचाच चेहरा परत करणारी. अधांतरी राहिलेले पाऊल तिच्यावर आपटले आणि हादरा टाचेतून गुडघ्यात, गुडघ्यातून मणक्यात, मणक्यातून थेट वरच्या दातांच्या मुळाशी जाऊन थांबला. ती पडली नाही. कुणी पाहिलेही नाही. पण पदर सावरून उभी राहिली तेव्हा तिला त्या पायाची विलक्षण कीव आली. गल्ली जळाल्याचे सगळ्यांना कळले होते, पेपरात छापून आले होते, हिंगणघाटच्या नातेवाइकांचे फोन येऊन गेले होते. या एका पायाला मात्र कुणी काही सांगितले नव्हते. तो अजून जुन्या गल्लीतच राहत होता.

जुनी गल्ली जळाली त्याला दोन हिवाळे उलटून गेले होते. दोन्ही अंगांना दुकानांची दाटी, वर पत्रे, पत्र्यांच्या फटींतून उतरणारे उन्हाचे कवडसे, आणि तोंडाशीच उजव्या हाताला गुलाबरावांचे गाद्या-रजयांचे दुकान, असे तिचे रूप होते. त्याच राखेवर आता दुमजली बाजार उभा राहिला होता. व्यापारी संघाने गाळ्यांची वाटणी करत आणली होती. बाकीच्यांचे आपापल्या शटरांना हार घालून झाले होते. एकट्या गुलाबरावांचा होकार यायचा राहिला होता, आणि आज संध्याकाळपर्यंत तो आला नाही तर त्यांच्यासाठी राखलेला गाळा दुसऱ्याला जाणार होता. गुलाबराव स्वतः आले नव्हते. आगीनंतर ते या बाजारात फिरकलेच नव्हते. सेक्टर दोनमध्ये मुलाच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून ते समोरच्या पाण्याच्या टाकीकडे पाहत बसत. चहा आला की पीत, जेवायला बोलावले की उठत, आणि पुन्हा त्याच खुर्चीत जाऊन असे बसत की खुर्चीच त्यांना सांभाळत आहे असे वाटावे. मुलगा धनंजय पोलाद कारखान्याच्या ऑफिसात होता, सालस होता. फोमच्या गाद्यांची एजन्सी घेऊन देतो, असे त्याने दोनतीनदा सुचवले होते. फोमला पिंजावे लागत नाही, उन्हात घालावे लागत नाही, आणि बाबांच्या दम्यालाही बरे. गुलाबरावांनी त्याला उत्तर दिले नव्हते. उत्तर त्यांनी आज सकाळी अन्नपूर्णा निघताना तिला दिले.

"तू पाहून ये," ते टाकीकडे पाहतच म्हणाले. "कापूस बसत असन तर घेऊ. नसन बसत तर सोडून देऊ. पण मले फोम विकाले लावू नको."

एवढे ओझे त्यांनी तिच्या हाती दिले होते, आणि वाटभर ते ओझे तिच्या मांडीवरच्या पिशवीपेक्षा जड होत गेले होते. गाळ्याला नाही म्हणणे म्हणजे त्या खुर्चीला हो म्हणणे, हे तिला स्वच्छ दिसत होते. खुर्ची माणसाला एकदम गिळत नाही. ती रोज थोडेथोडे आपल्यात मुरवून घेते.

संघाचे अध्यक्ष भय्याजी तोंडाशीच उभे होते. त्यांचे किराण्याचे दुकान होते आणि आवाज मोठा होता. पण तिला पाहताच तो आवाज त्यांनी घरातल्यासारखा लहान केला. बांगड्यांची कौशल्या धावत आली आणि तिने अन्नपूर्णेचे मनगट धरून ठेवले, जणू बांगडीचे माप घेत होती. मागोमाग भांडीवाला हेमराज आला, आणि तिघे मिळून तिला गाळा दाखवू लागले. तोंडाचाच गाळा, जुन्या जागेवरचाच. उजव्या हाताला, रस्त्यावरून येणाऱ्या प्रत्येकाची पहिली नजर जाईल असा. काच होती, काचेमागे दिवे होते. या एका गाळ्यासाठी किती लोकांशी भांडावे लागले ते भय्याजी सांगत राहिले. मोबाइलवाले मागत होते, मिठाईवाले मागत होते, पण गल्लीने ठरवून ठेवले होते की तोंडावर गुलाबभाऊच बसतील, जसे त्यांचे वडील बसत. सांगताना त्यांचे डोळे चमकत होते. अन्नपूर्णेला ते सगळे ऐकू येत होते आणि त्याच वेळी तिची नजर, एखाद्या निर्दय परीक्षकासारखी, गाळ्याच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जाऊन परत येत होती. तिने दोन्ही हात पसरले असते तर बोटे जवळजवळ दोन्हीकडे टेकली असती. दाराबाहेर फरशीवर एक पिवळा पट्टा ओढलेला होता आणि त्या पट्ट्यापलीकडे वस्तू ठेवू नये अशी पाटी होती. आग लागली तर माणसांना बाहेर पडायला वाट हवी. खरेच होते ते. त्या पाटीशी तिला भांडताही येणार नव्हते.

रजई भरायला जागा कमी लागते. रजईला टाके घालायला मात्र तिला पूर्ण उघडावे लागते, हे लोकांना माहीत नसते. खोळीत पिंजलेला कापूस भरला, वेताच्या छडीने मारून मारून सगळीकडे सारखा केला, की ती रजई जमिनीवर अंथरावी लागते, चारी टोके ताणून. मग त्या पांढऱ्या, श्वास घेणाऱ्या मैदानावर मधोमध बसून बाई दाभणाने टाके घालत घालत मागे सरकते. जुन्या गल्लीत दुपारी गिऱ्हाईक विरळ झाले की अन्नपूर्णा रजई दुकानातून थेट गल्लीत अंथरत असे. शेजारच्या भांडीवाल्या हेमराजच्या दुकानातले पितळी लोटे चार कोपऱ्यांवर वजनाला येत. मग गल्लीच थोडी आक्रसून घेई. सायकलवाले उतरून मागे फिरत, बायका चपला हातात घेऊन भिंतीला अंग घासत कडेकडेने जात, आणि जाता जाता कुणी वाकून विचारी, कोणाची आहे ग ही, कोणाच्या लग्नाची. हेमराज रोज कुरकुर करी की या बाईने माझे गिऱ्हाईक अडवले, आणि रोज लोटे स्वतःच आणून ठेवी. त्या दुपारी तिच्या अंगात अजून होत्या. कापसाचे तंतू हवेत तरंगत, कवडशातून जाताना उजळत आणि सावलीत विझत; दोऱ्याचा खर्र असा आवाज येई; आणि तिला वाटे, साऱ्या बाजाराच्या छातीवर बसून आपण त्याला शिवत आहोत, म्हणजे त्याच्या आतले काही एका बाजूला गोळा होऊ नये.

आणि तो कापूस तरी कुठे एकट्या दुकानाचा होता. दसरा उलटला की घराघरांतल्या जुन्या रजया पिंजायला येत. अन्नपूर्णेच्या सासऱ्यांनी घालून दिलेली एक रीत होती; नवी रजई करायची झाली तरी घरातल्या जुन्या रजईतला मूठभर कापूस त्यात मिसळायचाच, आणि कुणाचा कापूस कुणाच्यात जाऊ द्यायचा नाही. कारखाना उभा राहत होता तेव्हा कुठून कुठून माणसे इथे आली. कुणी विदर्भातून, कुणी आंध्रातून, कुणी बंगालमधून. त्यांच्या ट्रंकांतून आलेल्या रजयांत त्यांच्या त्यांच्या मुलखातला कापूस होता. पिंजताना अन्नपूर्णेच्या बोटांना तो कळे. कौशल्येच्या रजईत तिच्या आईचा कापूस होता, महानदीकाठच्या गावातला, आखूड धाग्याचा, थोडासा पिवळट. आग लागली तेव्हा तोही दुकानातच होता, दोरीने बांधलेला, नाव लिहिलेली चिंधी खोचलेला.

भिलाईत राहणाऱ्याला आकाशाचा लाल रंग ही काही बातमी नसते. कारखान्यात वितळलेल्या लोखंडावरची मळी, जिला इथले शेंबडे पोरही स्लॅग म्हणते, ती नेऊन ओतली की क्षितिजाच्या कडेला एक नारिंगी श्वास उमटतो, पसरतो आणि हळूहळू आत घेतला जातो. लग्न होऊन आली तेव्हा अन्नपूर्णा पहिल्यांदा तो रंग पाहून ओरडत घरात धावली होती, आणि गुलाबराव, जे तेव्हा तिच्याशी धड बोलतही नसत, हसून म्हणाले होते की घाबरू नको, ते आपल्या घरचेच आहे. त्यानंतर तो रंग तिने कितीदा पाहिला असेल. त्या रंगाखाली तिने धनंजयला झोपवले, पापड उचलले, सासऱ्यांचे शेवटचे आजारपण काढले. म्हणून त्या संध्याकाळी, बाजाराची साप्ताहिक सुट्टी होती तेव्हा, क्वार्टरच्या अंगणात मेथी निवडताना पावर हाउसच्या बाजूचे आकाश लाल झालेले तिला दिसले, आणि ती घाबरली नाही. आज लवकर ओतून राहिले, असे गुलाबराव म्हणाले. आज रंग चांगला आहे, असे ती म्हणाली. मेथीची जुडी संपेपर्यंत दोघे त्या रंगाकडे पाहत होते. मग हेमराजचा फोन आला.

पुढे कळत गेले की सारी गल्ली त्या संध्याकाळी तसेच पाहत होती. हेमराज सुपेल्याच्या आपल्या गच्चीवरून पाहत होता. कौशल्या कॅम्प नावाच्या आपल्या वस्तीतल्या नळावर उभी राहून पाहत होती. भय्याजींनी तर बायकोला वर बोलावून दाखवले होते. ज्यांची दुकाने जळत होती त्या सगळ्यांनी, आपापल्या अंगणांत, आपापल्या दुकानांच्या उजेडाला कारखान्याचा उजेड समजून, कुणी मनात, कुणी मोठ्याने, दाद दिली होती. दुसऱ्या कुठल्याही गावात माणसे धावत सुटली असती. आगीनंतरच्या दिवसांत, जळक्या पत्र्यांच्या ढिगाशेजारी चहा पीत, एकेकाने हे कबूल केले. मग भय्याजींना हसू फुटले, आणि मग सगळेच असे हसले की डोळ्यांतून पाणी आले, आणि ते कशाचे पाणी होते हे कुणी कुणाला विचारले नाही. माणूस दगावला नव्हता. आगीचे कारण शेवटपर्यंत सापडले नाही. तपास झाला, साहेब लोक येऊन गेले, आणि राखेतून राखच निघाली.

पण कापूस विझला नाही. अन्नपूर्णेला त्या दिवसांतले हेच सर्वांत जास्त बोचत राहिले. हेमराजच्या दुकानातली ॲल्युमिनियमची पातेली वितळून गल्लीतून ओघळली होती आणि थिजून गेली होती. बांगड्यांची काच एकमेकींत मिसळून रंगीत दगड झाली होती. सगळी दुकाने गार पडली होती, आणि गुलाबरावांचे दुकान मात्र आतल्या आत धुमसत होते. कापसाची आग वरून दिसत नाही. गठ्ठा शांत, काळा, मेल्यासारखा पडून राहतो आणि पोटात निखारा जपून ठेवतो. बंबवाले आकड्यांनी गठ्ठे ओढत, फोडत, पाणी मारत. पुन्हा दुसऱ्या दिवशी कुठूनतरी पांढरा धूर निघे. लोक पाहत होते. परक्याच्या घरी आपले मूल रडायचे थांबत नसले की आईला जसे होते तसे तिला झाले होते. गुलाबराव रस्त्यापलीकडे एका बंद दुकानाच्या ओट्यावर बसून तो धूर पाहत राहिले, आणि शेवटचा गठ्ठा विझला त्या दिवशी उठले ते घरी येऊन खुर्चीत बसले. कौशल्येच्या आईच्या कापसाबद्दल क्षमा मागायला अन्नपूर्णा कॅम्पात गेली होती. कौशल्येने तिला चूल पेटवून चहा दिला आणि ती एवढेच म्हणाली होती, "जर गे त जर गे दीदी, का करबे." जळाले तर जळाले, काय करशील. त्या वाक्यात राग नव्हता. म्हणूनच ते उचलून कुठे ठेवावे हे तिला अजून कळले नव्हते.

आता तीच कौशल्या काचेच्या दारावर हात फिरवत होती आणि भय्याजी, नजर थोडी चुकवत, दुसरी अट समजावून सांगत होते. पिंजायची मशीन आत चालणार नाही. मोकळा कापूस आत ठेवता येणार नाही. परवानगीच नाही, काय करणार. म्हणून धनंजय म्हणतो ते काही वाईट नाही; फोमच्या गाद्या उभ्या ठेवता येतात, काचेतून दिसतात, त्यांना पसरावे लागत नाही. हे शेवटचे वाक्य त्यांनी किती सहज उच्चारले. पसरावे लागत नाही. अन्नपूर्णेला एकदम थकवा आला. मशीनचे तिने मनाशी ठरवून ठेवले होते. तिचा भाऊ पुंडलिक रेल्वेतून निवृत्त होऊन जवळच्याच चरोद्याला राहत होता, त्याच्या घरामागे मोकळी शेड होती, तो स्वतः मशीन लावून द्यायला तयार होता. खोळी तिथेच भरून येतील, इथे फक्त टाके पडतील, आणि झालेली रजई त्याच दिवशी गिऱ्हाइकाकडे जाईल. कापूस मोकळा राहणारच नव्हता. पण टाक्यांना जमीन लागते, आणि ती या काचेच्या पेटीत नव्हती, पिवळ्या पट्ट्यापलीकडेही नव्हती. इतक्या प्रेमाने राखून ठेवलेल्या वस्तूला नको कसे म्हणायचे, हे तिला कुणी शिकवले नव्हते. ती म्हणाली, मी जरा सगळा बाजार पाहून येते.

ती एकटीच आत चालू लागली. चालताना तिच्या लक्षात आले की आपण जुन्या गल्लीच्या अंतराने चालत आहोत. इथे चहावाला, इथे कुलपांची टपरी, इथे उन्हात झोपणारी मांजर. आणि प्रत्येक ठिकाणी नवे शटर, नवा रंग, नव्या पाटीवर ओळखीचे नाव. माणसे तीच होती. ती शटरांमागून हात हलवत होती, आओ भाभी म्हणत होती, पाणी विचारत होती. जळालेल्या शब्दांच्या जागी नवे शब्द ठेवून तीच ओळ पुन्हा म्हणावी आणि अर्थ तसाच राहावा, तसे काहीसे. तिला वाटले होते की या इमारतीचा आपल्याला राग येईल. तो येईना. उलट तिच्या गुळगुळीत कोरेपणाची दया यायला लागली. बिचारीला अजून कुणी काही सांगितलेले नाही, कुणी तिच्यात भांडलेले नाही, कुणाच्या लग्नाचे माप तिच्यात घेतले गेलेले नाही.

गल्ली शेवटी एका भिंतीपाशी संपत होती. तिथे वरच्या मजल्याचा जिना वळून गेल्यामुळे खाली एक रुंद, रिकामा कोपरा तयार झाला होता. पिवळा पट्टा त्याच्या अलीकडेच थांबला होता, कारण पुढे कुणाला कुठे जायचेच नव्हते. बाहेर पडायची दारे दुसरीकडे होती. कोपऱ्याला लागून एक शेवटचा गाळा होता, शटर ओढलेला, पाटी नसलेला. कुणी घेतला नव्हता, कारण इथवर कोण येणार. अन्नपूर्णा त्या रिकाम्या जागेच्या मधोमध उभी राहिली. मग चपला काढल्या. मग, आजूबाजूला कुणी पाहत आहे की नाही हे न पाहता, खाली बसली, आणि मागे सरकली, आणि आणखी मागे सरकली. टाके घालताना सरकते तशी. आणि तिची पाठ कुठेही टेकली नाही.

तिला शोधत तिघे आले तेव्हा ती तशीच बसलेली होती. भय्याजींनी घाबरून विचारले की चक्कर आली का. या गल्लीत तिची मराठी सगळ्यांना कळे आणि सगळ्यांची हिंदी तिला. ती आपल्याच बोलीत बोलली.

"भय्याजी, मले हा द्या. तोंडावरचा कौशल्येले द्या."

कौशल्या तिच्याकडे पाहतच राहिली. "तैं बइहा गे हस का दीदी?" ती म्हणाली, म्हणजे वेड लागले का तुला. भय्याजींचा चेहरा मात्र उतरला. ज्या गाळ्यासाठी त्यांनी अर्ध्या बाजाराशी वैर घेतले तो ही बाई बसल्या जागी देऊन टाकत होती, आणि मागत काय होती, तर जिन्याखालची अडगळ. इथे गिऱ्हाईक फिरकणार नाही, असे ते पुन्हा पुन्हा म्हणू लागले. अन्नपूर्णेने त्यांना समजावले की बांगड्या बाईला वाटेत दिसाव्या लागतात, दिसल्या की हात आपोआप पुढे होतो. कौशल्येला मधला गाळा मिळाला आहे, तिथे ती झुरेल. रजईचे तसे नाही. रजई घेणारा घरून ठरवून निघतो, तो पार शेवटपर्यंत येतो. मग तिने चरोद्याचे, पुंडलिकच्या शेडचे, भरून येणाऱ्या खोळींचे सगळे सांगितले. भय्याजी ऐकत गेले, आणि ऐकता ऐकता त्यांची नजर तिच्यावरून हलून हेमराजकडे गेली. कौशल्याही त्याच्याकडेच पाहू लागली. तेव्हा अन्नपूर्णेला कळले. या कोपऱ्याला दुसऱ्या बाजूने लागून जे शटर होते, ज्याच्यावर झेंडूचा हार अजून ताजा होता, ते हेमराजचे होते.

हेमराज बराच वेळ आपल्याच हारातली एक पाकळी खुडत राहिला. तो उंच, वाकलेला माणूस. सारी हयात भांड्यांत घालवलेला. वितळून थिजलेल्या ॲल्युमिनियमचा एक गोळा त्याने नव्या दुकानात गल्ल्याजवळ ठेवला आहे, असे तिने ऐकले होते. तो बोलला तेव्हा तिच्याकडे न पाहता बोलला. "भाभी, सच बोलूँ? आगे का नुक्कड़ आपके लिए रखा, वो प्यार तो था ही. पर डर भी था. सोचा, रुई बाहर की तरफ़ रहे, तो फायर ब्रिगेड का पानी जल्दी पहुँचे."

अन्नपूर्णेला वाटले होते की हे वाक्य कधीतरी कुणाच्या तरी तोंडून येईल आणि ते आल्यावर आपल्यात काहीतरी तुटेल. ते आले, आणि तुटले काहीच नाही. प्रेम आणि भीती एकाच खोळीत भरलेली होती, इतकेच. पिंजून वेगळी करण्याइतकी ती मोकळी नव्हती, आणि तिच्यात तरी ती वेगळी कुठे होती. तीही कापसाला भ्याली होती. धुमसणारे गठ्ठे पाहताना एका क्षणी तिने मनात त्याला शिव्या दिल्या होत्या. "भीती मलेबी आहे," ती म्हणाली. "म्हणून तर मशीन चरोद्याले. रात्री इथं एक बोळाबी राहणार नाही, हेमराजभाऊ. तुमी रोज पाहून कुलूप लावा."

हेमराजने पाकळी खाली टाकली. मग तो कोपऱ्यात आला, आणि जमिनीची लांबीरुंदी नजरेने मापत असल्यासारखा उभा राहिला.

"दोपहर को मेरे दरवाज़े तक फैलाओगी," तो शेवटी म्हणाला. "झगड़ा होगा, अभी से बता देता हूँ. रोज़ होगा."

कौशल्या आधी हसली. तिच्या हातातल्या बांगड्या हसल्या. भय्याजी अजून दुखावलेलेच होते, पण त्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून त्यातली एक किल्ली शोधायला घेतली, आणि ती सापडत नाही म्हणून स्वतःवरच चिडले. त्या चिडण्यात होकार होता. एवढेच बाकी होते की हे गुलाबरावांना सांगायचे. वडिलांच्या वेळेपासून तोंडावर बसलेला माणूस. त्याला जिन्याखालच्या कोपऱ्यात बसायला सांगायचे. अन्नपूर्णा फोन घेऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिने एका दमात सगळे सांगून टाकले. तोंडाचा गाळा दिला, शेवटचा मागितला, हेमराज हो म्हणाला. पलीकडून सेक्टर दोनमधल्या दुपारची, लांबची एक कुकरची शिट्टी ऐकू आली. तिला खुर्ची दिसत होती.

"मागची भिंत कोनत्या दिशेची आहे?" गुलाबरावांनी विचारले.

तिला सांगता येईना. आत आल्यापासून तिच्या दिशाच हरवल्या होत्या. ती म्हणाली, मले नाही समजून राहिलं.

"थांब," ते म्हणाले. "मी येऊन पाहतो."

ते ऑटोतून आले. गल्लीतून चालत आले तेव्हा दोन्ही बाजूंनी लोक उठून उभे राहिले, पण कुणी पुढे होऊन त्यांना अडवले नाही. फक्त हाका येत राहिल्या, गुलाबभाऊ, गुलाबभाऊ, आणि ते मान हलवत, कुणाकडे फारसे न पाहता, कोपऱ्यापर्यंत आले. थोडे धापत होते. तोंडाच्या गाळ्याबद्दल त्यांनी काहीच विचारले नाही. शेवटच्या गाळ्यात शिरून ते मागच्या भिंतीशी गेले, हात उलटा केला आणि पिंजलेला कापूस दमट आहे का ते पाहताना ठेवत तसा हाताचा पाठचा भाग प्लास्टरवर टेकवून डोळे मिटून उभे राहिले. मग थोडे खाली, जमिनीजवळ. मग कोपऱ्यात. बाहेर हेमराज, भय्याजी, कौशल्या वाट पाहत होते; अन्नपूर्णा दारात उभी होती, आणि तिला त्या हातावरच्या फुगलेल्या शिरा दिसत होत्या, त्यांच्यावरची जुनी दाभणाची खूण दिसत होती.

"नवी भिंत आहे, ओल धरून राहीन एकदोन वर्सं," गुलाबराव म्हणाले. त्यांनी डोळे उघडले, भिंतीपासून एक हात मोजला आणि तिथे पायाच्या अंगठ्याने धुळीत रेघ ओढली. "आपण हातभर सोडून बसू."